आठ बाय चार

गेली दोन वर्षं मी कादंबऱ्यांपेक्षा होड्यांचे आराखडे जास्त वाचले आहेत. शिडाच्या छोट्या होड्या, आठ ते सोळा फुटांच्या. घरच्या पडवीत किंवा गाडी बाहेर काढून रिकाम्या केलेल्या पार्किंगमध्ये एकट्यादुकट्याला बांधता येतील अशा. इंग्लंड-अमेरिकेत असे आराखडे विकायची शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे. आधी ते मासिकांत छापून यायचे, मग पोस्टाने यायचे, आता पीडीएफ येते. त्यात रेषाचित्रं असतात, मापांचे तक्ते असतात, सामानाची यादी असते आणि आराखडा काढणाऱ्याने लिहिलेला मजकूर असतो: ही होडी कशी सुचली, कुणासाठी आहे, कशी बांधायची. माझं लक्ष त्या मजकुरावर असतं. होडी बांधायला घेण्याआधी होडी कुठे दिसते? दिसतात चार रेषा आणि हे गद्य. निवड त्यावरूनच करायची असते.

ही निवड महाग पडू शकते. कादंबरी फसली तर तीनशे रुपये आणि एक रविवार जातो. आराखडा फसला तर वर्षभराचे रविवार जातात, आणि वाईट रीतीने फसला तर माणूस जातो. इतकं पणाला लागलेलं असताना हा मजकूर लोक ज्या भोळेपणाने वाचतात, तितक्या भोळेपणाने आपण चित्रपटाचं परीक्षणही वाचत नाही.

कॅटलॉगची भाषा एकदा ओळखीची झाली की करमणूक होते. प्रत्येक होडी सुरक्षित, वेगवान आणि बांधायला सोपी. हे तीन गुण एकत्र नांदणं लहान होडीत अवघड असतं, कारण वेगासाठी होडी अरुंद आणि हलकी हवी, स्थिरतेसाठी रुंद हवी आणि सोप्या बांधणीसाठी चपट्या तळाची हवी. पण कॅटलॉगमध्ये भांडणं नसतात. फोटोतलं पाणी नेहमी शांत असतं. होडीत एक माणूस, एक मूल आणि बहुतेक वेळा एक कुत्रा. ‘दोन वीकेंडमध्ये तयार’ हे वाक्य मला इतक्या ठिकाणी भेटलंय की आता ते दिसलं की मी पुढचं पान उलटते. अशी वाक्यं लिहिणाऱ्याने डोलकाठी, सुकाणू, शीड आणि रंगाचे तीन हात हे सगळं कुठल्या वीकेंडला केलं, ते तो सांगत नाही.

म्हणून मी वाचायला एक कसोटी लावते. होडी उलटली तर काय होईल, हे आराखड्यात कुठल्या पानावर लिहिलंय? आणि ही होडी कुठे नेऊ नये, हे लिहिलंय का? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्या मजकुरात आहेत त्याच्या बाकीच्या वाक्यांवर मी विश्वास ठेवते.

भोळ्या वाचनाचं सगळ्यात नामांकित उदाहरण जोशुआ स्लोकमचं. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनच्या एका शेतात पडलेली जुनी होडी त्याला कुणीतरी देऊ केली. तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्याने ती जवळजवळ नव्याने बांधली, तिचं ‘स्प्रे’ हे नाव कायम ठेवलं, आणि १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक आजही वाचलं जातं. पुस्तकाच्या शेवटी ‘स्प्रे’ची रेषाचित्रं जोडलेली आहेत. ती पाहून पुढची कित्येक दशकं लोक ‘स्प्रे’च्या प्रतिकृती बांधत राहिले. माझ्या मते त्यांनी पुस्तक वाचून होडी निवडली. पुस्तकातला नायक स्लोकम होता. आयुष्यभर शिडाच्या जहाजांवर कप्तानी केलेला माणूस होडीच्या उणिवा न बोलता सांभाळून घेतो. त्या उणिवा रेषाचित्रात दिसत नाहीत आणि प्रवासवर्णनात तर मुळीच नाहीत. कथनाचं श्रेय वस्तूला देण्याची ही चूक साहित्याच्या वर्गात पहिल्या वर्षी पकडली जाते. होड्यांच्या जगात तिच्यावर लाकूड खर्च होतं.

उलटं उदाहरण मुंबईचं आहे. १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी इथे होडी बांधून घ्यायला निघाला. त्याने इंग्लंडहून एक आराखडा मागवला, पोस्टाने आला भलताच: विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन माणसाने १९२०च्या दशकात काढलेला ‘एरिक’, जुन्या वळणाचा, जड आणि संथ. परत पाठवून दुसरा मागवण्यापेक्षा त्याने तोच बांधायला दिला. मुंबईच्या सुतारांनी सागवानात, हातातल्या तासणीने बत्तीस फुटांची ‘सुहेली’ उभी केली. १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फॅलमथहून ती निघाली आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून, त्याच बंदरात परतली. त्या शर्यतीत नऊजण होते. पूर्ण केली एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने. हौसेने निवडलेली नव्हती ती होडी. यावरून कुणी ‘आराखडा कुठलाही चालतो’ असं म्हणेल. मला त्यात वेगळं दिसतं: अ‍ॅटकिनने ‘एरिक’ काढताना कुणाला भुरळ घालायचा प्रयत्न केला नव्हता, आणि चुकीच्या पत्त्यावर पोचूनही तो आराखडा खरा निघाला.

आता भुरळीबद्दल. इअन आउट्रेड नावाचा एक आराखडाकार होता. ऑस्ट्रेलियात जन्मला, स्कॉटलंडच्या स्काय बेटावर राहिला, २०२४ मध्ये गेला. नॉर्वे-स्कॉटलंडच्या जुन्या होड्यांचं वळण त्याने प्लायवूडमध्ये आणलं. एकावर एक कौलासारख्या चढवलेल्या फळ्या, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली अंगं. त्याची रेषाचित्रं फोनच्या स्क्रीनवर झूम करून पाहताना माझा मेट्रोचा थांबा दोनदा चुकलाय. आउट्रेडचं रेखाटन सुंदर आहे आणि प्रामाणिकही आहे. तो फळ्यांची संख्या लपवत नाही. लपवतो तो आपला डोळा. प्रत्येक फळीची कड रंध्याने वेगवेगळ्या कोनात तासायची आहे हे त्या चित्रात स्पष्ट असतं, आपण मात्र फक्त कमान पाहतो. पहिल्यांदा करवत हातात धरणाऱ्याने आउट्रेडपासून सुरुवात करणं म्हणजे गाणं शिकायला जाऊन पहिल्याच दिवशी मारवा मागणं.

इथे एक हिशेब सांगितलाच पाहिजे, कारण तो कुठलंही चित्र सांगत नाही. आठ फुटांच्या होडीऐवजी बारा फुटांची बांधली तर लांबी दीडपट होते. पण रुंदी आणि उंचीही त्याच प्रमाणात वाढली तर होडीचं आकारमान दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वातीन पटीहून जास्त होतं. लाकूड, वजन आणि बिल त्याच्या मागोमाग जातात. चार फूट जास्त घेतले असं आपण म्हणतो. घेतलेल्या असतात तीन होड्या.

या हिशेबाला सगळ्यात हुशारीने उत्तर दिलं ते इंग्लंडच्या ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने, १९६३ मध्ये. बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरची कामं घरी कशी करावीत ते दाखवणारा माणूस, आणि जॅक होल्ट हा नावाजलेला होडीकार. या दोघांनी मिळून ‘मिरर’ नावाची दहा फूट दहा इंचांची होडी बनवली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. प्लायवूडचे तयार कापलेले तुकडे खोक्यातून घरी यायचे. तुकड्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना चक्क शिवायचे, आणि शिवणीवर रेझिनमध्ये भिजवलेली फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. साचा नाही, सांगाडा नाही. गोधडी शिवणारी बाई ही होडी बांधू शकली असती, आणि बऱ्याच घरांत होडी बैठकीच्या खोलीतच शिवली गेली. सत्तर हजारांहून जास्त ‘मिरर’ झाल्या.

‘मिरर’चं मोठेपण मला तिच्या लहान निर्णयांत दिसतं. पुढची नाळ टोकदार नाही, आखूड चपटी आहे, कारण टोकाशी प्लायवूड वाकवून जुळवणं हे नवशिक्याच्या हातून बिघडणारं काम. डोलकाठी एकसंध उंच नाही. आखूड काठीवर दुसरी काठी चढवून शीड उंच जातं, त्यामुळे सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावतात आणि होडी गाडीच्या टपावर. हवेच्या बंद टाक्या या नंतर बसवायची वस्तू म्हणून आलेल्या नाहीत. त्या होडीच्या बांधणीचाच भाग आहेत, त्यांच्याशिवाय होडी उभीच राहत नाही. उलटली तर काय, या माझ्या प्रश्नाचं उत्तर ‘मिरर’ वेगळ्या पानावर देत नाही. आळशी माणूससुद्धा ते गाळू शकणार नाही अशा जागी देते. आणि शीड लाल, लांबून ओळखू येणारं. वर्तमानपत्राला जाहिरात हवी होती हे उघड आहे. हरकत नाही, ती जाहिरात पोरांना पाण्यावर घेऊन गेली. ए. जे. मॅकिनन नावाचा एक शिक्षक तर इंग्लंडच्या श्रॉपशरमधून ‘मिरर’ घेऊन नद्या-कालव्यांतून थेट काळ्या समुद्रापर्यंत गेला. त्याचं पुस्तक वाचा, पण स्लोकमचा इशारा लक्षात ठेवून.

‘मिरर’बद्दल माझी तक्रार वाचक म्हणून आहे. तिचा मजकूर पाककृतीसारखा आहे: अमुक तुकडा तमुकला जोडा. का, ते विचारू नका. होडी होते. पण बांधणाऱ्याला होडी कळते का, याची मला शंका आहे.

हाच धागा ‘ऑप्टिमिस्ट’मध्ये वेगळ्या रीतीने तुटला. फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरमध्ये १९४७ साली मुलांसाठी पन्नास डॉलरच्या आत होणारी होडी हवी होती. क्लार्क मिल्सने प्लायवूडची शीट समोर ठेवली आणि तिच्यात बसेल असं चपट्या नाकाचं खोकं काढलं. बापाने आणि मुलाने गॅरेजमध्ये मिळून बांधावं, हाच मूळ हेतू. आज जगभर मुलं शीड शिकतात ती याच होडीत, आपल्या मुंबईतही. पण शर्यती वाढल्या, मापं काटेकोर झाली, आणि शर्यतीतल्या ऑप्टिमिस्ट आता कारखान्यातून येतात, फायबरग्लासच्या. आकार तोच राहिला, बापलेकाचं गॅरेज गेलं. यशाने आराखड्यातला वाचक पुसून टाकल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

या सगळ्यांत मी ज्याला पुन्हा पुन्हा वाचते तो फिल बोल्जर. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरचा, १९२७ चा जन्म, २००९ मध्ये वारला. सहाशेहून जास्त आराखडे. तुम्ही ‘मास्टर अँड कमांडर’ पाहिला असेल तर त्यातलं जहाज बोल्जरच्या हातचं आहे: अठराव्या शतकातल्या ‘रोझ’ या ब्रिटिश युद्धनौकेची प्रतिकृती त्याने काढली होती, सिनेमाने तीच वापरली. म्हणजे या माणसाला देखणं काढता येत नव्हतं असं नाही. तरी आयुष्याचा मोठा भाग त्याने खोकी काढण्यात घालवला. सरळ उभ्या बाजू, सपाट तळ, करवतीच्या चार कापांत होणारं अंग. ‘ब्रिक’ नावाची त्याची एक होडी आठ फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. नाव वीट, दिसायला वीट.

बोल्जरचं म्हणणं असं की खोकं संथ असतं ते खोकं असल्यामुळे नव्हे. होडीच्या बाजूला जितका बाक आहे तितकाच बाक तळाला दिला, म्हणजे पाळण्याच्या घोड्याला असतो तसा, तर तळाखालचं आणि बाजूचं पाणी सारख्याच वाटेने जातं. कडेवरून ते आडवं ओलांडत नाही आणि भोवरे कमी होतात. हा विचार तो पुन्हा पुन्हा तपासतो. एका होडीत जमला, दुसरीत का नाही जमला, ते लिहितो. स्वतःच्या जुन्या आराखड्याबद्दल ‘हा फसला’ असं छापून मोकळा होणारा दुसरा आराखडाकार मला भेटलेला नाही. त्याची पुस्तकं म्हणजे प्रत्येक होडीवर एक छोटा निबंध, आणि त्यातली निम्मी वाक्यं होडीच्या विरोधात. ही कुठल्या पाण्यात नेऊ नका, हिच्यात उभं राहू नका, इथे मी पैसे वाचवले आणि ते दिसतंय. विक्रेत्याला हे परवडत नाही. बोल्जरला बहुधा विकण्यापेक्षा वाद घालण्यात रस होता.

पण बोल्जर एकटा वाचला तर डोकं दुखतं. त्याचे आराखडे दाट, टिपा बारीक, आणि वाचणाऱ्याला सगळं येतं हे गृहीत. त्याला हॅरल्ड पेसन भेटला हे आपलं नशीब. हा मेनमधला, लॉब्स्टर धरणारा आणि होड्या बांधणारा माणूस, टोपणनाव ‘डायनामाइट’. १९७९ मध्ये त्याने ‘इन्स्टंट बोट्स’ हे पुस्तक काढलं: बोल्जरच्या होड्या, बांधायची रीत पेसनची. पूर्ण आकाराची रेषाचित्रं जमिनीवर काढण्याचं जुनं किचकट काम त्याने काढून टाकलं. मापं थेट शीटवर आखा, कापा, जोडा. पेसनची भाषा शेजारच्या काकांसारखी आहे. स्क्रू कुठे घसरतो, गोंद कधी दगा देतो, हे तो सांगतो तेव्हा त्याच्या बोटांवरचा गोंद दिसतो. बोल्जर ‘का’ सांगतो, पेसन ‘कसं’ सांगतो. ‘मिरर’च्या खोक्यात मला जे सापडलं नव्हतं ते या जोडीत सापडलं.

‘इन्स्टंट’ या शब्दावर मात्र माझा आक्षेप कायम आहे. होडीचं अंग खरंच लवकर उभं राहतं, पण सुकाणू, डोलकाठी, शीड आणि रंग हे खोक्यालाही तितकेच लागतात जितके आउट्रेडच्या हंसाला. अंग सोपं केल्याने वेळ वाचतो तो एका तुकड्याचा. शिवाय त्या मूळ होड्यांपैकी काही अगदी उघड्या आहेत. उलटल्या तर लाकूड तरंगेल, हे खरं. पण काठोकाठ भरलेली होडी एकट्याने पाण्यात राहून उपसायची म्हणजे काय, हे ज्याने बादलीने टाकी उपसली आहे त्याला विचारा. या जागी वर्तमानपत्राची जाहिरात बोल्जरच्या बुद्धीपेक्षा सरस ठरते. सपाट तळ लाटांवर आपटतो आणि आवाज करतो, ही दुसरी गोष्ट. ती बोल्जर स्वतःच सांगतो, म्हणून मी माफ करते.

खोक्याच्या विचाराला पुढे एक गमतीदार शेंडा फुटला. या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिड राउथ या अमेरिकन माणसाने ‘पडल डक रेसर’ नावाचा प्रकार काढला. पडल डक म्हणजे डबक्यातलं बदक. लांबी आठ फूट, रुंदी चार फूट, ‘ब्रिक’शी नातं उघड दिसतं. नियम एवढाच की अंगाचा खालचा दहा इंच भाग सगळ्यांचा एकसारखा हवा. त्याच्या वर काहीही करा. शीड कुठलंही, ताडपत्रीचंही. माहिती सगळ्यांना खुली. मला यात आपली ओवी दिसली. यमक सांभाळा, आत लांबी-रुंदी तुमची. कुणी त्यावर छप्पर घालतं, कुणी दोन डोलकाठ्या उभारतं, कुणी दोन्ही बाजूंना हवेच्या बंद पेट्या करतं, म्हणजे उलटली तरी होडी बरीचशी कोरडी वर येते. ‘मिरर’चं शहाणपण आणि बोल्जरचं खोकं एकत्र, आणि शिवाय बांधणाऱ्याला ‘का’ विचारायला जागा.

एक हिशेब इथेही करता येतो, आणि तो पाणी आणि इंच यांचा असल्याने मला आवडतो. आठ बाय चार म्हणजे बत्तीस चौरस फूट. एवढा सपाट तळ एक इंच खाली गेला तर साधारण पंचाहत्तर लिटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे पंचाहत्तर किलो पेललं जातं. एक माणूस, एक इंच. तळाला बाक असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त बुडतं, पण मनात धरायला हे माप पुरेसं आहे.

मी बांधणार आहे ती होडी माझ्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या काठी राहणार आहे. पडवी मामाची, मदतनीस त्याचा नववीतला मुलगा. तेव्हा आराखडे मामाच्या वाडीतल्या होडी बांधणाऱ्या काकांना दाखवणं भागच होतं. ते कागदाशिवाय बांधतात. मापं हातात आणि डोळ्यात. माझा फोन त्यांनी लांब धरला, आउट्रेडची होडी पाहून “नाळ चांगली आहे” म्हणाले, बोल्जरचं खोकं पाहून काहीच म्हणाले नाहीत. मग विचारलं, “ओहोटीला कुठे ठेवशील?”

दोन वर्षांत वाचलेल्या कुठल्याही मजकुराने हा प्रश्न मला इतका थेट विचारला नव्हता. आमच्या खाडीत ओहोटीला पाणी निघून जातं आणि उरतो चिखल. टोकदार तळाची होडी त्यात कुशीवर पडते, पुढची भरती येते तेव्हा कलंडलेल्या कडेवरून आधी पाणी आत शिरतं. सपाट तळाची होडी बसते, म्हशीसारखी. काकांच्या स्वतःच्या होडीला उलांडी आहे: अरुंद अंग, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला लाकडाचा ओंडका. स्थिरता आणि वेग यांच्या भांडणावर इतकं काटकसरीचं उत्तर कॅटलॉगात नाही. मग मी तीच का बांधत नाही? कारण ती वाचून बांधता येत नाही. तिच्यासाठी काकांबरोबर काही वर्षं उभं राहावं लागेल, आणि माझ्याकडे दिवाळी आणि मे महिना आहे. वाचून होडी बांधण्याची ही मर्यादा मला मान्य आहे, आणि ती मर्यादा मान्य केल्यावर मला अशी होडी हवी जिचा मजकूर वाचणाऱ्यासाठीच लिहिलेला आहे.

“भाच्याला घेऊन जाणार ना आमच्या?” काकांनी फोन परत देताना विचारलं. त्यांच्या हिशेबात वाडीतली सगळी पोरं भाचे. “मग ती पेट्यांवाली बांध. आणि पावसात खाडीत घालू नको.”

तर पडल डक, दोन्ही बाजूंना बंद पेट्यांची. शीड लग जातीचं, चौकोनी, आखूड डोलकाठीचं, ज्याला तारांचा ताण लागत नाही. आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी बोल्जरसारखी बाहेरच्या अंगाला, कारण तळाला भोक पाडून मधोमध फळी बसवली की ते भोक आयुष्यभर गळायची धमकी देत राहतं. पेसनचं पुस्तक मांडीवर. आउट्रेडचं रेषाचित्र भिंतीवर लावलंय, त्याला मी दहा वर्षांची मुदत दिली आहे.

राहिला प्रश्न प्लायवूडचा. अमेरिकन पुस्तकात पाव इंच लिहिलेलं असतं, आपल्याकडे शीट फुटांत आणि जाडी मिलीमीटरमध्ये मिळते, म्हणजे सहा मिलीमीटर, आठ बाय चार. अशी एक शीट साधारण दहा-बारा किलोची. दुकानात सगळ्या शीट सारख्याच दिसतात, आणि सगळ्यांवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं. त्या शब्दाला कॅटलॉगमधल्या ‘सुरक्षित’इतकीच किंमत. वाचायचा तो शिक्का: आयएस ७१०, आपल्या मानक संस्थेने मरीन प्लायसाठी ठरवून दिलेला क्रमांक. आयएस ३०३ असेल तर ती कपाटाची.

रत्नागिरीच्या दुकानदाराने न बघताच विचारलं, “किचन की बाथरूम?”

“होडी.”

“मग ७१०,” तो म्हणाला आणि आत ओरडला, “चार काढ रे. कडा बघून दे.”